काठी, दोरी आणि वही: जुन्या लोकांसारखं आकाश वाचायचं तर

दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास 'मृग लागला' असं कानावर येतं आणि कुणी ना कुणी त्या रात्री गच्चीवर जाऊन मृग शोधतं. मीही एका वर्षी शोधला होता. ढग नव्हते, तरी सापडला नाही. सापडणारच नव्हता. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला, आणि सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते त्याच्याबरोबर उगवतं, त्याच्याबरोबरच मावळतं. रात्रभर ते आपल्या पायाखाली असतं.

मग ज्यांच्याकडे दुर्बीण नव्हती की घड्याळ नव्हतं, त्यांना हे कळलं कसं? जे तारे दिसतच नाहीत, त्यांच्यात सूर्य उभा आहे हे त्यांनी कशावरून ठरवलं?

उत्तर पुस्तकात मिळतंच. पण एक काठी, थोडी दोरी आणि एक वही घेऊन ते वर्षभरात आपल्या गच्चीवरही काढता येतं. खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने केल्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. कुठे फसलो तेही सांगतो, म्हणजे तुमचे काही आठवडे वाचतील.

सुरुवात कधी, सामान काय

कोजागरीनंतर सुरू करा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश मिळत नाही, आणि उत्साहात श्रावणात सुरू केलेली वही भाद्रपदात रिकामी राहते. ऑक्टोबरअखेरपासून मेपर्यंत सलग सात महिने हातात असतात.

सामान असं: सरळ काठी किंवा लोखंडी गज, सुतळी, खडू, गुण्या, ओळंबा, कंपासपेटीतला कोनमापक, आणि शिवलेली वही. सुट्या कागदांवर नोंदी ठेवू नका, हरवतात. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पांढरा उजेड ती मेहनत एका क्षणात घालवतो. मोबाइलवर आकाशाचं ॲप असेल तर पहिले दोन महिने उघडू नका. ॲप ताऱ्याचं नाव सांगतं, पण तो काल कुठे होता हे तुमच्या लक्षात राहू देत नाही. आपलं सगळं काम तर त्या 'काल'वरच चालणार आहे.

पायरी १: आपलं क्षितिज काढा

वहीच्या पहिल्या दोन समोरासमोरच्या पानांवर पूर्वेचं क्षितिज रेखाटा. डोंगर असेल तर उत्तम. नसेल तर समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या, मोबाइलचा मनोरा, नारळाचा शेंडा, जे असेल ते. चित्र सुंदर नको, खुणा ओळखू आल्या पाहिजेत. उभं राहायची जागा खडूने पक्की करा. दोन पावलं सरकलात तर जवळची टाकी चार बोटं सरकते.

आता आठवड्यातून एकदा सूर्य कुठून उगवतो त्याची खूण करा. पहिली कड दिसली की खूण, आणि लगेच नजर बाजूला; वर आलेल्या सूर्याकडे थेट पाहायचं नाही. पुण्याच्या अक्षांशावर सूर्योदयाची जागा ठीक पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकते, म्हणजे जून ते डिसेंबर एकूण ५० अंशांचा प्रवास. मार्च आणि सप्टेंबरात ती इतकी भराभर हलते की रोजचा फरक जवळपास सूर्याच्या बिंबाएवढा असतो. डिसेंबरात मात्र आठवडाभर जागची हलत नाही.

त्यामुळे 'आज सूर्य वळला' असं पाहून सांगता येत नाही. पहिल्या वर्षी मी २२ डिसेंबरला पहाटे उठून काहीतरी दिसेल म्हणून बसलो होतो. युक्ती वेगळी आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य एका टाकीमागून उगवला ती तारीख लिहा. वळून तो पुन्हा त्याच टाकीमागून उगवेल तेव्हाची तारीखही लिहा. दोन्हींचा मध्य काढला की वळण सापडलं.

पेरूमधल्या चँकिलो इथे सुमारे २,३०० वर्षांपूर्वीच्या लोकांनी यासाठी डोंगराच्या धारेवर ओळीने तेरा बुरूज बांधले. ठरलेल्या जागी उभं राहिलं की वर्षभरात सूर्य या टोकाच्या बुरुजापासून त्या टोकाच्या बुरुजापर्यंत जाऊन परत येतो, आणि दोन-तीन दिवसांच्या फरकाने तारीख कळते. २०२१ मध्ये ही जागा जागतिक वारशाच्या यादीत आली. आपल्याकडे बुरूज नाहीत, टाक्या आहेत. काम तेच होतं.

पायरी २: शंकू रोवा, प्राची काढा

रात्रीच्या निरीक्षणाला दिशा पक्क्या लागतात आणि त्या दिवसाच मिळतात. मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका. स्लॅबमधल्या सळ्या त्याला खुशाल फसवतात.

शंकू म्हणजे सावली मोजायची उभी काठी. जुन्या भारतीय ग्रंथांत तो बारा अंगुळांचा असतो. तुमची काठी जमिनीपासून ३६ सेंटिमीटर राहील अशी उभी करा. मग ३ सेंटिमीटरला एक अंगूळ धरता येतं. ओळंब्याने काठी सरळ आहे ना ते पाहा. काठीचं बूड केंद्र धरून सुतळीने १४, १७ आणि २० अंगुळं त्रिज्येची तीन वर्तुळं काढा. सकाळी सावली लांब असते, मग आखडत जाते. तिचं टोक प्रत्येक वर्तुळाला आतल्या बाजूने जाताना जिथे स्पर्श करेल तिथे खूण करा. दुपारनंतर सावली वाढत बाहेर पडताना पुन्हा खूण. एकाच वर्तुळावरच्या सकाळच्या आणि दुपारच्या खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. हीच प्राची. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी हीच कृती दिली आहे. तीन वर्तुळं अशासाठी की ऐन वेळी ढग आला तरी एखादी जोडी हाती लागते, आणि तिन्ही रेषा समांतर आल्या तर काम चोख झालं याची खात्री पटते.

माझ्या समांतर आल्या नाहीत. दोनदा केलं, दोनदा तिरक्या. कारण कळायला लाज वाटावी इतका वेळ गेला: पावसाचं पाणी निघून जावं म्हणून गच्चीला उतार असतो! सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात शंकूसाठी पाण्याने समपातळी तपासलेली शिळा घ्या असं त्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात सांगितलंय, ते मी शोभेचं वाक्य समजून सोडून दिलं होतं. गच्चीवर एखादं जुनं दार किंवा जाड फळी ठेवा, खाली पाचरी सारून गवंड्याच्या पाण्याच्या नळीने समतल करा आणि वर्तुळं त्या फळीवर काढा.

हिवाळ्यात हे काम सोपं जातं. मे महिन्यात माध्यान्हीची सावली बुडाशीच घुटमळते, आणि शून्य सावलीच्या दिवशी (पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास) तर नाहीशीच होते.

एक मोजमाप मात्र २० मार्चच्या आसपास जरूर घ्या. दिवस-रात्र समान असताना माध्यान्हीला सावली किती पडते? तिला पलभा म्हणतात, आणि कितीतरी पंचांगांत गावोगावच्या पलभांचं कोष्टक असतं. पुण्याची जवळपास नेमकी ४ अंगुळं भरते, म्हणजे तुमच्या काठीला १२ सेंटिमीटर. कोल्हापूरची ३.६, नागपूरची ४.६, उज्जैनची ५.१. जितकं उत्तरेला जाल तितकी सावली लांब. चाराला बारांनी भागून जो कोन येतो तो १८.४ अंश, आणि पुण्याचा अक्षांश १८.५. काठीवर गाव कळतं ते असं.

पायरी ३: हाताला माप शिकवा

हात पूर्ण ताणून धरा. करंगळीची जाडी आकाशात सुमारे १ अंश, मधली तीन बोटं ५ अंश, मूठ १० अंश, पसरलेली वीत २० अंशांच्या थोडी वर. माणूस मोठा तसा हातही लांब, म्हणून हे माप लहानथोरांना सारखंच लागू पडतं. तरी तपासून घ्या. सप्तर्षीतले ध्रुवाकडे बोट दाखवणारे दोन तारे, पुलह आणि क्रतू, एकमेकांपासून साडेपाच अंशांवर आहेत; तीन बोटांत जेमतेम मावतात. (गावाकडे सप्तर्षीला म्हातारीची बाज म्हणतात, आणि ते चित्र सात ऋषींपेक्षा मला जास्त पटतं.) दिवाळीच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा ध्रुवासाठी शर्मिष्ठा या तारकासमूहाचा आधार घ्या.

आता ध्रुवाची उंची मोजा. ती तुमच्या अक्षांशाइतकीच भरते: पणजीत मूठ आणि तीन बोटं, पुण्यात दोन मुठींना थोडी कमी, नागपुरात दोन मुठींना थोडी जास्त. लंडनला राहणाऱ्या भाच्याला सांगा, त्याच्या पाच मुठी भरतील. अरबी समुद्रातले जुने खलाशी हेच माप 'कमाल' नावाच्या फळीने घेत. फळीच्या मध्यातून गाठी मारलेली दोरी असे. गाठ दातात धरून फळीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि ध्रुव वरच्या कडेला येतो का पाहायचं.

ध्रुव कायमचा नाही हे इथेच लक्षात ठेवा. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधला गेला तेव्हा आजचा ध्रुवतारा उत्तर बिंदूपासून बराच दूर होता. त्या काळी त्या जागेजवळ कालेय तारकासमूहातला ठुबान होता. तरीही पिरॅमिडच्या बाजू उत्तर दिशेशी अंशाच्या पंधराव्या भागाइतक्या अचूक जुळतात. ते नेमकं कसं साधलं यावर आजही वाद आहेत.

ध्रुव शहरातल्या धुरकटात हरवत असेल तर दुसरी वाट आहे, आणि ती मला जास्त आवडते. मेच्या शेवटी रात्री पावणेअकराच्या सुमारास गच्चीवर आडवे व्हा. केशरी झाक असलेला तेजस्वी स्वाती बरोबर डोक्यावर असेल. मुंबई, ठाणे, अहिल्यानगर या पट्ट्यात तो अगदी खस्वस्तिकातून, म्हणजे थेट माथ्यावरून जातो, कारण त्याची खगोलीय विषुववृत्तापासूनची (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेपासूनची) उंची आणि या गावांचा अक्षांश दोन्ही १९ अंशांच्या आसपास आहेत. हवाई बेटंही साधारण याच पट्ट्यात येतात. तिथल्या लोकांनी या ताऱ्याला 'होकुलेआ', आनंदाचा तारा, असं नाव दिलं. महासागरातून परतताना हा तारा डोक्यावर आला की आपण घराच्या रेषेवर आलो हे त्यांना कळे. मग फक्त पूर्वेला किंवा पश्चिमेला वळायचं उरलं. १९७६ मध्ये याच नावाची जोडहोडी मायक्रोनेशियाचा नाविक माऊ पियाइलुग याने एकही उपकरण न वापरता हवाईहून ताहितीला नेली.

पायरी ४: चंद्राला एक महिना द्या

सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथे, म्हणून ही पायरी घाईने उरकू नका.

चंद्र रोहिणीच्या लालसर ताऱ्याजवळ असेल अशी रात्र पंचांगात पाहून निवडा. त्यानंतर दिसेल त्या प्रत्येक रात्री तो कोणत्या ठळक ताऱ्याजवळ आहे ते चितारा. रोज तो पूर्वेकडे सुमारे १३ अंश, म्हणजे मूठ आणि दोन बोटं सरकलेला सापडेल. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या रात्री पुन्हा रोहिणीशी येईल. सत्तावीस नक्षत्रं ही चंद्राच्या सत्तावीस मुक्कामांची नावं आहेत, हे वाचून सगळ्यांनाच माहीत असतं. पण वहीत सत्तावीस चित्रं ओळीने दिसतात तेव्हा ते पटतं.

आता दुसरी मोजणी: पौर्णिमा ते पौर्णिमा. इथे साडेएकोणतीस दिवस लागतात. दोन दिवस जास्त का? चंद्र फेरी पुरी करून येतो तोवर सूर्यही सुमारे दोन नक्षत्रं पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला ते दोन दिवस जातात.

वेदाङ्गज्योतिष या वेदकाळाशी जोडलेल्या कालगणनेच्या ग्रंथाच्या कर्त्याने हेच गणित पाच वर्षांच्या युगात बसवलं: १,८३० दिवस, त्यात ६२ चांद्रमास आणि चंद्राच्या ६७ नक्षत्रफेऱ्या. दोन्हींतली वजाबाकी ५, म्हणजे तेवढी वर्षं. सूर्याच्या फेऱ्या वजाबाकीतून आपोआप पडतात. १,८३० ला ६२ ने भागलं तर महिना २९.५२ दिवसांचा येतो, खरा २९.५३. फेरी २७.३१ दिवसांची येते, खरी २७.३२. वर्ष मात्र ३६६ दिवसांचं झालं, तिथे ती मांडणी ढिली पडते. तरी चंद्राच्या बाबतीत इतकी नेमकी उत्तरं पिढ्यान् पिढ्या मोजल्याशिवाय हाती येत नाहीत.

मृगाच्या कोड्याचं पहिलं उत्तर इथेच आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्याचं नक्षत्र दिसत नसेल तर पौर्णिमेच्या चंद्राचं नक्षत्र पाहा आणि चौदा मोजा. चंद्र मूळ नक्षत्रात पूर्ण झाला तर सूर्य मृगाच्या आसपास आहे. महिन्यांची नावंही याच पाहणीतून आली: पौर्णिमेला चंद्र चित्रेजवळ तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख, कृत्तिकांजवळ तो कार्तिक.

तिथीही पाहून ओळखता येते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. शुक्ल पक्षात सूर्य मावळताना चंद्र त्याच्यापासून किती मुठी दूर आहे ते मोजा. सहा मुठी म्हणजे पंचमी संपत आली. सूर्यास्ताला चंद्र माथ्याजवळ असेल तर अष्टमी. कृष्ण पक्षात चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटं मागे पडतो. संकष्टीला रात्री नऊच्या सुमारास ताट वाढून चंद्राची वाट पाहणारी आजी हे निरीक्षण आयुष्यभर करत आलेली असते. आठवड्यातल्या कोणत्या वारी चंद्र 'लवकर' येतो, असं तिला विचारू नका. कोणत्या ऋतूत येतो ते विचारा, ती सांगेल.

बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात आणि वर्ष अकरा दिवसांनी तोकडं पडतं. ते सांधायला अधिक महिना. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. बाबिलोनमध्ये हा महिना कधी घालायचा याचा एक नियम 'मुल-अपिन' नावाच्या मातीच्या पाट्यांवर कोरलेला आहे: वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी चंद्र आणि कृत्तिका एकत्र दिसल्या तर वर्ष ठीक चाललंय, तिसऱ्या दिवशी एकत्र दिसल्या तर महिना वाढवा. बाकी गणिताशिवाय, एका नजरेत निकाल.

पायरी ५: रात्रीचं घड्याळ

आकाश तासाला १५ अंश, दीड मूठ सरकतं. एखादा तारा टाकीवर आला की वेळ लिहा, दीड मूठ पुढे गेला की तास झाला. तोच तारा उद्या त्याच जागी चार मिनिटं आधी येईल. महिन्याभरात हा फरक दोन तासांचा होतो. ऋतू बदलला की रात्रीचं आकाश बदलतं ते या चार मिनिटांमुळेच. इजिप्तमध्ये यासाठी आकाशाचे छत्तीस तारकागट पाडले होते. दर दहा दिवसांनी पहाटेचा मान पुढच्या गटाकडे जाई, आणि या गटांच्या उगवण्यावरून रात्रीचे बारा भाग मोजले जात. चार हजार वर्षांपूर्वीच्या शवपेट्यांच्या झाकणांवर, आतल्या बाजूला, ही कोष्टकं रंगवलेली सापडतात.

आपल्याकडे ढगाळ रात्रीसाठी घटिकापात्र होतं. हलकी स्टीलची वाटी घ्या, बुडाला बारीक छिद्र पाडा, पाण्याने भरलेल्या पातेल्यात तरंगत सोडा. ती भरून बुडायला २४ मिनिटं लागली पाहिजेत. छिद्र लहान ठेवून थोडं थोडं मोठं करत जा. उलटं करता येत नाही, माझ्या दोन वाट्या त्यात गेल्या. पूर्वी लग्नघरी मुहूर्तासाठी हेच पात्र लागायचं. 'घटका भरली' म्हणतात ती हीच.

पायरी ६: तारा हरवतो ती संध्याकाळ

आता कोड्याचं दुसरं आणि खरं उत्तर. एप्रिलच्या मध्यापासून रोज संध्याकाळी, सूर्य मावळून तासभर झाला की, पश्चिमेला कृत्तिकांचा झुबका शोधा. रोज तो थोडा खाली, थोडा फिका. एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला एक संध्याकाळ अशी येते की तो काल दिसला होता आणि आज दिसत नाही. ती तारीख लिहा. त्यानंतर सुमारे चाळीस दिवस कृत्तिका नाहीत. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पहाटे पूर्वेला, आपल्याकडे बहुधा ढगांच्या फटीतून, त्या परत येतात.

मधल्या दिवसांत सूर्य त्यांच्या अंगणातून जात असतो. संध्याकाळी कोण हरवलं आणि पहाटे कोण परतलं, या दोन नोंदींच्या मध्ये सूर्य. मृगाचंही तेच. तो हरवतो कृत्तिकांनंतर, आणि पहाटे परततो तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो. म्हणून मृग लागल्याची रात्र पाहण्यासाठी नाहीच, ती आधीच्या संध्याकाळींवरून ओळखण्यासाठी आहे. पंचांगात त्या नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की म्हैस, याचा मात्र आकाशाशी काही संबंध नाही.

ग्रीक कवी हेसिअडने शेतकऱ्याला सांगितलंय की कृत्तिका उगवल्या की कापणीला लाग, मावळू लागल्या की नांगरणीला. त्या चाळीस दिवस-रात्री लपलेल्या असतात. तुमच्या वहीतला आकडाही तोच निघेल. अँडीज पर्वतातले शेतकरी जूनच्या शेवटी परतलेल्या कृत्तिका किती ठळक दिसतात ते पाहून बटाट्याच्या लावणीची वेळ ठरवतात. २००० मध्ये एका अभ्यासात याचं कारण सापडलं: एल निनोच्या वर्षी तिथे उंचावर पातळ ढग असतात, त्यामुळे तारे फिके दिसतात, आणि त्या वर्षी पाऊसही कमी पडतो.

इजिप्तमध्ये ही जागा व्याध या ताऱ्याची होती. तो सुमारे सत्तर दिवस लपून पहाटे परतला की नाईलचा पूर जवळ आला. त्यांचं वर्ष ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही, त्यामुळे कागदावरची तारीख दर चार वर्षांनी एका दिवसाने घसरत राहिली. व्याध मात्र पुराशी इमान राखून होता.

आपल्या पावसाळ्यात व्याधाचा हा उदय पाहणं अवघड. पण अगस्त्य सापडतो. सप्टेंबरच्या मध्यावर ढग फाटलेली एखादी पहाट मिळाली तर दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे, सुमारे दीड मूठ उंचीवर, पांढरा ठळक तारा दिसेल. अगस्त्य उगवला की गढूळ पाणी निवळतं, ही समजूत जुन्या काव्यांत जागोजागी आहे. वराहमिहिराने तर बजावलंय की हा उदय प्रत्येक प्रदेशासाठी वेगळा मोजावा. उज्जैनला तो सूर्य कन्या राशीच्या सात अंश अलीकडे असताना होतो. पुणं उज्जैनच्या दक्षिणेला, म्हणून इथे तो काही दिवस आधी. आणि लंडनच्या भाच्याला तो कधीच दिसणार नाही.

पायरी ७: शुक्र, फक्त नोंद ठेवा

शुक्राची चांदणी संध्याकाळी की पहाटे, कधी दिसेनाशी झाली, कधी परतली, एवढंच लिहीत जा. हे चक्र ५८४ दिवसांचं आहे. पाच चक्रं म्हणजे २,९२० दिवस, बरोबर ३६५ दिवसांची आठ वर्षं. माया लोकांच्या ड्रेस्डेन इथे जपलेल्या पोथीत हाच हिशेब आहे, आणि त्याच्या हजारो वर्षं आधी बाबिलोनच्या अम्मिसदुका राजाच्या काळातल्या शुक्राच्या एकवीस वर्षांच्या नोंदी मातीच्या पाटीवर टिकून आहेत. आठ वर्षांनी तुमच्या वहीतली तारीख दोन-तीन दिवसांच्या फरकाने पुन्हा येईल. वही जपून ठेवा.

पायरी ८: प्राचीवर उभे राहा

आता पायरी २ मधली रेषा पुन्हा काढा, एव्हाना पुसली असेल. ऑक्टोबरच्या शेवटी रात्री साडेसातच्या सुमारास तिच्या पश्चिम टोकाला उभे राहून पूर्वेकडे पाहा. कृत्तिका उगवत असतील, पण रेषेवर नाहीत. रेषेपासून डावीकडे, उत्तरेला, मुठी मोजा. अडीच भरतील.

शतपथ ब्राह्मणात म्हटलंय की इतर नक्षत्रं पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या १८९६ च्या ग्रंथात हे वाक्य उचललं आणि कृत्तिका ठीक पूर्वेला कधी उगवत होत्या याचं गणित केलं. उत्तर आलं इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सुमारे २६,००० वर्षांत एक घेर घेतो, त्यामुळे तारे बहात्तर वर्षांना एक अंश सरकतात. तुमच्या त्या अडीच मुठी साठल्या त्या अशा. वाक्याचा अर्थ इतका काटेकोर घ्यावा का, ते लिहिताना पाहिलं होतं की ऐकीव परंपरेतून आलं होतं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि कालनिर्णय सगळ्यांना मान्य नाही. मला स्वतःला त्यातलं 'ढळत नाहीत' हे क्रियापद पाहणाऱ्याचं वाटतं. एकदा पाहून ते लिहिता येत नाही.

आज कोण ढळत नाही? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी सातच्या सुमारास, त्याच रेषेवर पुन्हा उभे राहा. रेषेच्या टोकावर, ना डावीकडे ना उजवीकडे, एकाखाली एक असे तीन तारे उभे वर येतील. सगळ्यात वरचा अगदी ठीक पूर्वेला. हा मृगाच्या पोटातला बाण, गावाकडचं तिकांडं. जूनमध्ये गच्चीवर न सापडलेला तो मृग. तारीख लिहा, वेळ लिहा, आणि उभं राहण्याच्या जागेचा खडू पुन्हा गिरवून ठेवा.